चुकणे आणि चुकीचे ठरणे : ‘सॉलिसाइझ’ या क्रियापदाची मीमांसा

१

चुकण्याचे प्रकार सांगणाऱ्या क्रियापदांची इंग्रजी भाषेत उणीव नाही. त्यांपैकी काहींच्या मुळाशी एखादी साधी शारीर क्रिया आढळते. लॅटिनमधून आलेले ‘अर्’ हे क्रियापद मूळचे भटकणे, वाटेवरून ढळणे या अर्थाचे. ‘ब्लंडर’चा संबंध बहुधा डोळे मिटणे या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दाशी पोचतो. आपले ‘चुकणे’ही याच जातीचे आहे. वाट चुकते, नेम चुकतो, काळजाचा ठोका चुकतो. अशा ठिकाणी चुकणारा, त्याचे उद्दिष्ट आणि त्या दोहोंमधील अंतर एवढ्याच गोष्टी असतात. बाण लक्ष्याला लागला नाही हे सांगण्यासाठी दुसरा माणूस लागत नाही. ते बाण सोडणाऱ्यालाच प्रथम दिसते.

‘सॉलिसाइझ’ हे इंग्रजी क्रियापद मात्र या सर्वांहून निराळे आहे. ते फारसे कोणाच्या वापरात नाही. ‘सॉलिसिझम’ हे त्याचे नाम सोळाव्या शतकापासून सुशिक्षितांच्या लेखणीत टिकून राहिले. क्रियापद सतराव्या शतकात प्रचारात आले आणि पुढे बव्हंशी कोशांतच राहिले. भाषेच्या नियमांना सोडून वाक्यरचना करणे हा त्याचा मुख्य अर्थ. शिष्टाचाराचा भंग करणे हा त्याचा विस्तार. पण ध्यानी घेण्यासारखी गोष्ट ही, की या शब्दाच्या मुळाशी शरीराची कोणतीही क्रिया नाही. परंपरा सांगते ते खरे मानले तर तेथे एक गाव आहे. एका विशिष्ट गावच्या लोकांसारखे बोलणे म्हणजे चुकणे, असा या क्रियापदाचा मूळ अभिप्राय आहे.

येथे चुकणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. ती दुसऱ्याला दिसते, आणि तो दुसरा बहुधा दूर कोठेतरी राजधानीत बसलेला असतो. चुकणे आणि चुकीचे ठरणे या दोन भिन्न घटना आहेत, आणि हे क्रियापद त्या दोहोंची गल्लत करते. वाङ्मयाच्या परीक्षणात हीच गल्लत आपण नित्य करीत असतो. म्हणून या अल्पपरिचित शब्दाचा इतिहास मराठी समीक्षकानेही तपासण्याजोगा आहे.

२

ग्रीक ‘सोलोइकिझेइन’ या क्रियापदाचे हे लॅटिनमार्गे आलेले इंग्रजी रूप आहे. किलिकिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, मेर्सिन शहरानजीक सोलोइ नावाचे नगर होते. डायोजिनिस लेअर्शियस या चरित्रकाराने नोंदविलेली कथा अशी की, अथेन्सचा विधिकर्ता सोलोन याने हे नगर वसविले आणि तेथे काही अथेन्सवासी नेऊन ठेवले. काळाच्या ओघात परक्यांच्या सहवासाने त्यांची ॲटिक बोली बिघडली आणि ‘सोलोइकरांसारखे बोलणे’ हा अशुद्ध बोलण्याचा पर्याय झाला. सायप्रसमध्येही याच नावाचे नगर असल्याने दोन्हीकडच्या रहिवाशांना निरनिराळी नावे होती, हा तपशीलही तो देतो.

कथा सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच ती तपासून घ्यावयास हवी. स्ट्राबो या भूगोलकाराच्या मते सोलोइ ही अकियन आणि ऱ्होड्स बेटावरील लिंडॉसच्या लोकांची वसाहत होती. त्यात अथेन्सचा संबंध येत नाही. हे क्रियापद सोलोइवरून आले की आणखी कशावरून, याबद्दलही स्ट्राबो निश्चय करीत नाही. सोलोन आणि सोलोइ या नावांतील साम्यावरूनच ही कथा रचली गेली असावी, असा संशय घेण्यास जागा आहे. दुसरी अडचण कालक्रमाची. ‘सोलोइकोस’ हे विशेषण इ. स. पूर्व सहाव्या शतकातील हिप्पोनॅक्स आणि ॲनाक्रिऑन या कवींच्या उपलब्ध तुकड्यांत सापडते. हे दोघेही आयोनियन कवी होते. एक एफेससचा, दुसरा तेऑसचा. त्या काळी अथेन्सची बोली सर्व ग्रीकांचा मानदंड झालेली नव्हती. ती प्रतिष्ठा तिला पुढे मिळाली. तेव्हा अथेन्सच्या शुद्ध बोलीपासून ढळलेल्या वसाहतीची ही कथा, अथेन्स हेच भाषेचे केंद्र असे सर्वांनी मान्य केल्यानंतर मागील काळावर लादली गेली असणे अधिक संभवनीय दिसते.

असे असेल तर कथेचे मूल्य कमी होत नाही. फक्त ते बदलते. शब्द कोठून आला हे ती खात्रीने सांगत नाही. पण शब्द वापरणाऱ्यांना जग कसे दिसत होते हे ती उत्तम सांगते. मध्यभागी एक नगर, तेथील बोली हीच भाषा, आणि जसजसे दूर जावे तसतशी ती नासत जाते, असा हा नकाशा आहे. दुधाचे भांडे चुलीपासून दूर नेले म्हणजे दूध नासते, असे मानण्यासारखाच हा प्रकार आहे; पण मानणारे शहाणे होते आणि त्यांचे वारसदार अद्याप संपलेले नाहीत.

हे क्रियापद हिरोडोटसने ज्या ठिकाणी वापरले आहे ते तर फारच बोलके आहे. इतिहासाच्या चौथ्या खंडात तो ॲमेझॉन स्त्रियांची कथा सांगतो. समुद्रावर भरकटत सिथियन लोकांच्या देशी आलेल्या या योद्ध्या स्त्रियांशी तेथील तरुणांचा संबंध जडला. पुरुषांना स्त्रियांची भाषा शिकता आली नाही. स्त्रियांनी मात्र पुरुषांची भाषा आत्मसात केली. त्यांच्यापासून झालेली सौरोमाती जमात सिथियन भाषाच बोलते, पण ती प्रथमपासून सदोष बोलते, कारण ॲमेझॉनांना ती नीट अवगत झाली नव्हती, असे हिरोडोटस नमूद करतो. या ‘सदोष बोलण्या’ला त्याचा शब्द आहे ‘सोलोइकिझेइन’.

या कथेतील न्याय पाहावा. एका बाजूने भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, दुसऱ्या बाजूने ते घेतले नाहीत किंवा तिला ते जमले नाहीत. चुकीचा शिक्का बसला तो शिकणाऱ्यांवर. ज्यांनी दुसऱ्यांच्या भाषेत तोंड उघडलेच नाही त्यांच्या चुका मोजण्याचा प्रसंग कधीच आला नाही. भाषेच्या व्यवहारात निर्दोष राहण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आपल्या घराबाहेर न पडणे.

३

पुढे ग्रीक तत्त्वज्ञांनी आणि रोमन व्याकरणकारांनी या शब्दाला गावातून उचलून शास्त्रात आणले, आणि येथून त्याच्या इतिहासाला अनपेक्षित वळण लागले. ॲरिस्टॉटलने सोफिस्टांच्या वादपद्धतीचे खंडन करताना, प्रतिपक्षाकडून असा भाषादोष घडविणे हे त्यांच्या उद्दिष्टांपैकी एक असल्याचे सांगितले. त्याच विवेचनात तो प्रोटॅगोरसचे मत देतो. ‘क्रोध’ या अर्थाचा ‘मेनिस’ हा ग्रीक शब्द रूढीने स्त्रीलिंगी. प्रोटॅगोरसच्या मते तो पुल्लिंगी असावयास हवा. मग जो त्याला स्त्रीलिंगी विशेषण लावील तो प्रोटॅगोरसच्या मते चुकला, पण इतरांच्या लेखी बरोबर. जो पुल्लिंगी लावील त्याची स्थिती उलट. इलियडचा प्रारंभच या शब्दाने होत असल्याने हा आक्षेप थेट होमरवर जातो. चूक ही वाक्यात असते की ऐकणाऱ्याच्या कानात, हा प्रश्न येथे प्रथमच स्पष्टपणे उभा राहिला.

स्टोइक पंथाने व्याख्या अधिक नेटकी केली. ‘बार्बरिझम’ हा प्रतिष्ठित ग्रीकांच्या रूढीविरुद्धचा शब्दप्रयोग, आणि ‘सॉलिसिझम’ म्हणजे ज्याचे घटक एकमेकांशी जुळत नाहीत असे वाक्य. क्विंटिलियनने इ. स.च्या पहिल्या शतकात याच आधारे सांगितले की पहिला दोष एकेका शब्दाचा, दुसरा शब्दांच्या जोडणीचा. या क्रमातील एक योगायोग विलक्षण आहे. स्टोइक तर्कशास्त्राचा थोर प्रणेता क्रिसिप्पस हा स्वतः सोलोइचा. त्याच्या ग्रंथांच्या प्राचीन यादीत सॉलिसिझमविषयीचा एक ग्रंथ आहे. ज्या गावाच्या नावाने अशुद्ध भाषेला नाव पडले असे मानीत, त्या गावच्या माणसाने अशुद्धतेचे शास्त्र लिहिले. आकाशस्थ ज्योतींवर काव्य लिहिणारा अराटस हाही तेथलाच. पुढे पाँपेने इ. स. पूर्व पहिल्या शतकात शरण आलेले समुद्री चाचे तेथे वसवून नगराला आपले नाव दिले. गावाचे नाव पुसले गेले, दोषाचे नाव उरले.

व्याख्या गावापासून सुटून जोडणीपर्यंत आली, हा लाभ लहान नाही. आता चूक ही बोलणाऱ्याच्या जन्मस्थानावर अवलंबून राहिली नाही. ती वाक्याच्या आत शोधता येऊ लागली. याच मार्गाने आणखी एक पाऊल पडले. हा दोष केवळ शब्दांचा नसून हावभावाचाही असू शकतो, मान किंवा हात शब्दाच्या विरुद्ध गेला तरी तो घडतो, असे काहींचे मत असल्याचे क्विंटिलियन सांगतो. दुसऱ्या शतकातील पोलेमॉन या वक्त्याची फिलोस्ट्रेटसने दिलेली आख्यायिका याचेच उदाहरण होय. स्मर्ना येथील स्पर्धेत एका शोकनटाने देवराज झ्यूसला हाक घालताना हात जमिनीकडे केला आणि पृथ्वीला हाक घालताना आकाशाकडे. पोलेमॉनने त्याला स्पर्धेतून काढून टाकले. या नटाने हाताने सॉलिसिझम केला, असा त्याचा निर्णय होता.

नटाचा प्रत्येक शब्द शुद्ध होता. त्याचे उच्चार बहुधा निर्दोष असावेत. तरीही सर्व मिळून खोटे झाले, कारण शब्द एक सांगत होते आणि हात दुसरेच. या जागी हे क्रियापद आपल्या सर्वोत्तम अर्थाला पोचते. सोलोइच्या माणसावर केलेला आरोप अंतराचा होता. स्मर्नाच्या नटावर केलेला आरोप विसंवादाचा आहे. दोहोंना नाव मात्र एकच आहे.

४

आपल्याकडील परंपरेत हेच प्रश्न स्वतंत्रपणे उद्भवले आहेत, आणि तुलना केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. संस्कृतातही अशुद्ध बोलण्याला एक क्रियापद आहे. ‘म्लेच्छ्’ हा धातू धातुपाठात अस्पष्ट, अव्यक्त उच्चाराच्या अर्थी येतो. परक्या लोकांचे नाव आणि सदोष बोलण्याची क्रिया ही या धातूत एकत्र नांदतात. ग्रीक ‘बार्बरिझेइन’चीही हीच रीत. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना असुरांची कथा दिली आहे. शत्रूंना उद्देशून हाक घालताना त्यांनी ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारला आणि ते पराभूत झाले. म्हणून अपभाषण करू नये, असा उपदेश.

आता या ‘ल’काराकडे पाहावे. ‘र’च्या जागी ‘ल’ येणे ही पूर्वेकडील प्राकृतांची नियमित प्रवृत्ती होती. पतंजलीचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व दुसरे शतक मानतात. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी सम्राट अशोकाच्या धौली व कालसी येथील लेखांत राजाला ‘लाजा’ म्हटलेले आहे. गिरनारच्या लेखात तेथील बोलीप्रमाणे ‘र’ येतो. म्हणजे ज्या उच्चाराने असुर हरले त्या उच्चारात एक साम्राज्य आपल्या आज्ञा दगडावर कोरीत होते. एका प्रदेशाचा नियम तो दुसऱ्या प्रदेशाचा दोष, हे याहून स्पष्टपणे कोणते उदाहरण सांगेल?

पतंजली मात्र एवढ्यावर थांबणारा विचारवंत नव्हता. त्याच महाभाष्यात वैयाकरण आणि सारथी यांचा संवाद आहे. वैयाकरण विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी उत्तरतो, मी ‘प्राजिता’. वैयाकरण त्याला अपशब्द ठरवितो. सारथी त्याला सांगतो की, तुला नियम कोठे लागू होतो ते कळते, पण इष्ट काय ते कळत नाही. चिडलेला वैयाकरण त्या ‘सूता’ची निंदा करण्यासाठी एक शब्द वापरतो, तर तोही चुकीच्या धातूवरून साधलेला आहे हे सारथीच दाखवून देतो. प्रोटॅगोरस आणि होमर यांच्यात जो वाद ॲरिस्टॉटलने केवळ सूचित केला, तो येथे नाट्यरूप झाला आहे. आणि महत्त्वाचे म्हणजे व्याकरणाच्या ग्रंथातच व्याकरणकाराचा पराभव नोंदविला आहे. शास्त्राच्या आत्मविश्वासाचे हे लक्षण होय.

अलंकारशास्त्राने पुढे जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात दोषांचे वर्गीकरण करताना ‘च्युतसंस्कृति’ हा दोष व्याकरणच्युतीसाठी आणि ‘ग्राम्य’ हा दोष केवळ अनागर लोकांत रूढ असलेल्या शब्दासाठी, असे दोन वेगळे खण केले. त्यापूर्वीच, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने रसभंगाचे मुख्य कारण म्हणून ‘अनौचित्य’ सांगितले होते. पोलेमॉनच्या नटाने जे केले त्याला आनंदवर्धनाची हीच संज्ञा लागू पडली असती. म्हणजे ग्रीक आणि त्यामागून इंग्रजी भाषा ज्या ठिकाणी एक क्रियापद वापरते, त्या ठिकाणी आपल्या शास्त्राने तीन संज्ञा योजल्या आहेत. नियमापासून ढळणे ही च्युतसंस्कृति, नगरापासून दूर असणे ही ग्राम्यता, आणि स्वतःशीच न जुळणे हे अनौचित्य.

आनंदवर्धनाचा आणखी एक भेद येथे स्मरावयास हवा. व्युत्पत्तीच्या, म्हणजे अध्ययनाच्या, अभावाने आलेला दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो. शक्तीच्याच अभावाने आलेला दोष तत्काळ उघडा पडतो, असे तो म्हणतो. दोषांची ही श्रेणी लावण्याचे धाडस ज्याने केले त्याला साहित्य आणि शिष्टाचार यांतील फरक ठाऊक होता.

५

इंग्रजीत हा फरक पुसट होत गेला. सतराव्या शतकाच्या आरंभी बेकन आपल्या ‘साम्राज्य’विषयक निबंधात हा शब्द राजसत्तेला लावतो: साध्य हाती हवे पण त्याची साधने सोसवत नाहीत, हा सत्तेचा सॉलिसिझम होय, असा त्याचा आशय. हा प्रयोग पोलेमॉनच्या अर्थाला जवळचा आहे; येथे दोष आहे तो हेतू आणि कृती यांच्या विसंवादाचा. पण पुढील काळात हा शब्द दिवाणखान्यात शिरला. भोजनाच्या मेजावर कोणता काटा आधी उचलावा, कोणाला कोणत्या पदवीने हाक मारावी, असल्या बाबींतील चुकांना तो लागू झाला. सोलोइची कथा पुन्हा वर आली, फक्त किलिकियाच्या जागी खालचा सामाजिक वर्ग आला.

अधिकारी माणसालाही शब्दांच्या राज्यात मर्यादा असते, हे रोमला ठाऊक होते. सम्राट टायबेरियसच्या एका शब्दाचे समर्थन दरबारी करू लागले तेव्हा पोंपोनियस मार्सेलस या व्याकरणकाराने, सम्राट माणसांना नागरिकत्व देऊ शकतो, शब्दाला नाही, असे उत्तर दिल्याची कथा सुइटोनियसने सांगितली आहे. या बाणेदारपणाचे कौतुक करावे. पण त्याच्या पोटातील प्रश्नही विचारावा. सम्राट जर शब्दाला नागरिकत्व देऊ शकत नाही, तर ते देतो कोण? ऑगस्टाइनने दिलेले उत्तर सरळ आहे. आपल्या आधी जे काही अधिकाराने बोलून गेले त्यांच्या रीतीने शब्द न जोडणे, एवढाच या दोषाचा अर्थ, असे तो मांडतो. तो स्वतः वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. तरीही व्याकरणकारांनी दोष दिला तरी चालेल, पण लोकांना कळले पाहिजे, ही भूमिका त्याने घेतली.

या भूमिकेचा एक दूरचा प्रतिध्वनी मराठीत सापडतो. जन्माने इंग्रज असलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. आपल्या मराठी रचनेतील कठीण शब्द गाळून आपण ठिकठिकाणी तेथील ब्राह्मणांच्या बोलीतील शब्द मिसळले, हे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. हे मिश्रण अनवधानाने घडलेले नाही. श्रोत्यासाठी जाणून केलेले आहे. त्यात केवळ अशुद्धता पाहणाऱ्याला ग्रंथाची अर्धी रचनादृष्टी कळणार नाही.

६

आता आपल्या घराकडे वळू. मराठीलाही आपली सोलोइ नगरे आहेत, आणि त्यांच्यातील सर्वांत दूरचे व सर्वांत तेजस्वी म्हणजे तंजावर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांनी तेथे राज्य स्थापले. त्यांचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ या कारकीर्दीत मराठी नाटके रचली. ‘पंचभाषाविलास’ या त्यांच्या नाटकात पाच भाषा एका रंगभूमीवर आल्या आहेत. १८०३ साली सरफोजींच्या काळात बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. या नाटकांची घडण तेलुगू यक्षगानाच्या प्रभावाखाली झाली आहे आणि त्यांच्या मराठीला दक्षिणेचा वारा लागलेला आहे, हे उघड आहे. परंपरेने मात्र मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या प्रयोगापासून मोजला जातो. शहाजींची नाटके त्याहून सुमारे दीड शतक आधीची. ती वगळण्याची अनेक कारणे देता येतील, आणि सार्वजनिक रंगभूमीची परंपरा तेथून सुरू झाली नाही हे कारण वजनदारही आहे. पण इतिहासाच्या नकाशावर तंजावर परिशिष्टात गेले, याच्या मुळाशी ‘ती मराठी आपली नव्हे’ ही न बोललेली भावना अजिबात नव्हती, असे म्हणण्याचे धाडस करवत नाही.

आज बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, बेंगळूर येथे मराठी लिहिणाऱ्यांना या भावनेची ओळख नव्याने करून द्यावयास नको. शेजारच्या भाषेतून आलेले एखादे वाक्यवळण दिसताच परीक्षकाची लेखणी तेथे थांबते, आणि पुस्तकाचे पुढे काय झाले हे त्या परीक्षणातून कळत नाही. खुद्द प्रदेशाच्या आतही सोलोइ आहेत. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली. त्यांच्या खानदेशी बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा ‘डोया’ होतो. हा असुरांच्या ‘ल’काराइतकाच नियमित व्यापार आहे. मम्मटाने ग्राम्य प्रयोगाला एक सवलत दिली आहे: हीन दर्जाच्या पात्राच्या तोंडी तो गुण ठरतो. दुसऱ्याच्या भाषेच्या अनुकरणातही दोष दोष राहत नाहीत, असे तो सांगतो. या सवलती उदार दिसतात. पण बहिणाबाईंना त्यांपैकी कोणती लागू करावी? त्या कोणाचे अनुकरण करीत नाहीत, आणि त्या कोणाच्या नाटकातील पात्रही नाहीत. त्या स्वतः कवी म्हणून, पहिल्या पुरुषात, बोलत आहेत. त्यांच्या भाषेला क्षमा करणे हाही एक अधिक्षेपच होय. क्षमेसाठी आधी अपराध मानावा लागतो.

याचा अर्थ बोलीत लिहिलेले सर्वच क्षम्य, असा कोणी काढू नये. तो सोलोइच्या कथेचाच उलटा पाठ होईल: तेथे दूरचे म्हणून सदोष, येथे दूरचे म्हणून निर्दोष, पारख दोन्हीकडे नाहीच. ज्या कादंबरीत पात्रे अस्सल बोली बोलतात, पण निवेदकाची नजर मात्र सुट्टीत गावी आलेल्या पाहुण्याची असते. ज्या शेतकऱ्याच्या तोंडी मातीची भाषा आणि मनात ग्रंथालयातील विचार असतात. तेथे हात आकाशाकडे आणि शब्द पृथ्वीकडे असा प्रकार झालेला असतो. तेथील एकेक शब्द खेड्यातून पारखून आणलेला असेल. तरी तो नट स्पर्धेतून बाहेर जावयास हवा. उलट, व्याकरणाच्या दृष्टीने एकही डाग नसलेल्या, नागर, घोटीव गद्यातही हा दोष सर्रास आढळतो. दुःख सांगणारे वाक्य जेव्हा स्वतःच्या डौलावर खूष असते तेव्हा ते वाक्य चुकलेले असते, मग त्यातील ऱ्हस्वदीर्घ कितीही बिनचूक असोत.

ऱ्हस्वदीर्घाचा उल्लेख सहज केलेला नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्या नियमांची व्यावहारिक गरज कोणी नाकारणार नाही. पण क्विंटिलियनच्या परिभाषेत बोलावयाचे तर ते बहुतांशी एकेका शब्दापुरते आहेत. जोडणीचा दोष त्यांच्या कक्षेत येत नाही, आणि यावाही असे नाही. तो पकडण्याचे काम समीक्षेचे. मात्र शुद्धतेविषयी आपली सारी चर्चा वेलांटी आणि उकार यांच्यापाशी खर्ची पडत असेल, तर आपण लहान दोषाचे पहारेकरी आणि मोठ्या दोषाचे यजमान झालो आहोत, असे म्हणावे लागेल.

तेव्हा ‘सॉलिसाइझ’साठी मराठी प्रतिशब्द कोणता, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात न देणे हेच श्रेयस्कर. एक शब्द दिला की तीन आरोप पुन्हा एका पोत्यात जातील. त्यापेक्षा परीक्षकाने कोणत्याही कृतीवर दोषाचा शेरा मारण्यापूर्वी आपला आरोप तिहींपैकी कोणता आहे हे स्वतःला विचारावे. लेखकाने स्वतः स्वीकारलेला नियम मोडला आहे काय? असल्यास तो दोष दाखवावा, आणि आनंदवर्धनाचे स्मरण ठेवून त्याचे वजनही सांगावे. लेखक केवळ आपल्यापासून दूर आहे काय? असल्यास मौन पाळावे आणि त्याची भाषा शिकण्यास बसावे. ॲमेझॉन स्त्रियांनी एवढे तरी केले होते. आणि कृतीचा हात तिच्या शब्दांशी जुळत नाही काय? असल्यास, लेखक राजधानीचा असो की सीमेवरचा, तेथे पोलेमॉनइतकेच कठोर व्हावे.

परीक्षणाची सारी कठोरता या तिसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवावयाची असते. ती पहिल्या दोन प्रश्नांवर उधळणाऱ्याच्या हाती, खऱ्या दोषाची वेळ येते तेव्हा, काही शिल्लक राहत नाही.